फणसाडचे जंगल आणि शेतावरची पोपटी : थंडीतल्या रायगड-भेटीसाठी मार्गदर्शन

रायगडच्या किनाऱ्यावर येणारे बहुतेक पाहुणे अलिबाग, काशीद आणि मुरूडच्या वाळूवर दोन दिवस काढून परत जातात. काशीदच्या मागे जो हिरवा डोंगर दिसतो, तिथे समुद्रापासून इतक्या जवळ एक अभयारण्य आहे, याची त्यांना बहुधा कल्पना नसते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावांत थंडीच्या दिवसांत पोपटी लावली जाते. तेलाचा थेंबही न घालता, मडक्यात आणि मोकळ्या शेतात शिजणारा वालाच्या शेंगांचा हा पदार्थ उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात नीट होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत कशा अनुभवाव्यात आणि त्या अनुभवताना जंगलाला व गावाला त्रास कसा होऊ देऊ नये, हे या लेखात सांगायचे आहे.

फणसाड हे रायगड जिल्ह्याच्या मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले वन्यजीव अभयारण्य आहे. जंजिरा संस्थानाच्या काळात हे नवाबाचे शिकारीसाठी राखलेले रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सह्याद्रीची मुख्य रांग येथून बरीच पूर्वेला राहते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर टिकून राहिलेले वन म्हणून फणसाडचे महत्त्व वेगळे आहे. किनाऱ्याच्या बहुतेक भागांत असे रान लाकूडतोडीत, बागायतीत आणि अलीकडे घरबांधणीत संपले आहे. येथे ते अजून सलग आहे.

कधी जावे

जंगल आणि पोपटी या दोन्हींचा मेळ डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बसतो, आणि तो योगायोग नाही. भातकापणी झाल्यावर जमिनीत जी ओल शिल्लक राहते, तिच्यावर रायगडातले शेतकरी वाल पेरतात आणि त्याच्या शेंगा या सुमारास भरतात. त्याच काळात डोंगरावरचे लहान ओहोळ आटू लागतात, प्राणी उरलेल्या पाणवठ्यांकडे वळतात आणि गवत बसल्यामुळे दृष्टी लांबवर पोहोचते. मार्च-एप्रिलमध्ये पाणवठ्यावर प्राणी दिसण्याची शक्यता आणखी वाढते हे खरे. परंतु तेव्हा शेंगा संपलेल्या असतात आणि दमट उकाड्यात डोंगर चढणे कठीण जाते. पावसाळ्यात रान अतिशय देखणे असले, तरी वाटा निसरड्या होतात आणि जळवा व गोचिडींचा उपद्रव होतो.

शनिवार-रविवार आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा शक्यतो टाळावा. त्या दिवसांत रेवदंड्यापासून मुरूडपर्यंतचा अरुंद रस्ता वाहनांनी भरून जातो. पहाटे जंगलात पोहोचायचे असेल, तर एवढ्या गर्दीत ते साधत नाही.

कसे पोहोचावे

मुंबईहून रस्त्याने हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे. अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल, मग कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव आणि मुरूड, असा हा किनाऱ्याचा मार्ग आहे. जलमार्ग आवडत असेल, तर गेटवेवरून मांडव्याला लाँचने यावे. आपले वाहनही न्यायचे असल्यास भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट २०२० पासून चालू आहे. रेल्वेने येणाऱ्यांना रोहा हे स्थानक सोयीचे पडते, कारण तेथून मुरूडकडे एसटी मिळते. अभयारण्याचे मुख्य प्रवेशद्वार सुपेगावजवळ आहे. तिथपर्यंत सार्वजनिक वाहन वेळेवर मिळेलच असे नाही, म्हणून मुरूडहून येण्या-जाण्याची रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.

मुक्काम मुरूड, नांदगाव किंवा काशीदला करता येतो. मात्र जंगल हाच भेटीचा मुख्य हेतू असेल, तर सुपेगावच्या बाजूला राहणे अधिक चांगले, कारण सकाळचे पहिले दोन तास हेच खरे महत्त्वाचे असतात आणि किनाऱ्यावरून निघून ते गाठणे घाईचे होते. राहण्याची आणि प्रवेशाची चौकशी वनविभागाकडे आधी करावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात जाण्यासाठी परवानगी लागते. तेव्हा प्रवेशद्वारावर नोंद करावी, शुल्क भरावे आणि पावती दिवसभर जवळ बाळगावी.

जंगलात

सुपेगावातला वाटाड्या सोबत घ्यावा. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की फणसाडच्या पायवाटा एकसारख्या दिसतात आणि नवख्या माणसाला दाट झाडीत दिशा कळत नाही. दुसरे कारण माझ्या मते अधिक मोलाचे आहे. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिकांत रानडुकरे आणि माकडे शिरतात, आणि हे नुकसान वर्षानुवर्षे तेच सोसतात. पाहुण्यांकडून येणारा पैसा शहरातल्या मोठ्या रिसॉर्टऐवजी या घरांत गेला, तर जंगल राखण्यात गावाचाही प्रत्यक्ष लाभ राहतो. वाटाड्याचे मानधन ठरवताना म्हणूनच घासाघीस करू नये.

येथील पाणवठ्यांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात. फणसाडचा गाण, चिखलगाण अशी त्यांची नावे आहेत. फेरफटक्याची आखणी या गाणांभोवतीच करावी. सूर्य उगवण्याच्या सुमारास आत शिरून एखाद्या गाणापाशी पोहोचावे आणि आडोशाला, वाऱ्याच्या उलट बाजूस, निदान तासभर न बोलता बसावे. भराभर चार गाण पाहून येण्यापेक्षा एकाच गाणापाशी टिकून बसणाऱ्याला अधिक दिसते. सांबर, भेकर आणि रानडुक्कर यांच्या पावलांचे ठसे तर ओल्या चिखलात हमखास सापडतात. ते कोणत्या दिशेने आले आणि किती ताजे आहेत, हे वाटाड्याकडून समजून घेण्यातच सकाळचा मोठा भाग आनंदात जातो. बिबट्या येथे आहे, परंतु तो दिसावा अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. पिसोरी हा खुरांचा अगदी लहान, लाजाळू प्राणीही येथे आहे, पण तो प्रामुख्याने रात्री वावरतो.

फणसाडमध्ये डोळे वर ठेवून चालावे, कारण येथील सर्वांत लोभस रहिवासी झाडांच्या शेंड्यांवर राहतो. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून ही मोठी, तांबूस-तपकिरी खार क्वचितच जमिनीवर उतरते. ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावत जाते, आणि त्यासाठी फांद्यांचा मांडव वरच्या वर सलग असावा लागतो. मध्ये रुंद रस्ता किंवा मोकळी पट्टी आली की तिचा मार्ग तुटतो. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पाने रचून केलेले गोल, मोठे घरटे दिसले की तेथे थांबावे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधत असल्यामुळे प्रत्येक घरट्यात ती असेलच असे नाही; मात्र सकाळी आणि उतरत्या दुपारी तिचा कर्कश, तुटक आवाज ऐकू आला, तर आवाजाच्या दिशेने नजर स्थिर ठेवावी. शेपटीची हालचाल आधी दिसते.

ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, हिरडा, साग हे वृक्ष वाटेत भेटतात. त्यांच्यावर चढलेली गारंबीची वेल मात्र मुद्दाम पाहावी. तिचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड होते आणि शेंगा हातभरापेक्षाही लांब असतात. शेंगेतली गुळगुळीत, तपकिरी बी पाहून ती खिशात टाकण्याचा मोह होतो, परंतु अभयारण्यातून बी, पीस, शिंग, फूल यांपैकी काहीही उचलून नेण्यास कायद्याने मनाई आहे. फुलपाखरांत नीलवंत ओळखायला सोपे आहे. मोठे काळे पंख आणि त्यांवर निळ्या छटा असलेले हे फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू आहे. पक्ष्यांत हरोळी, धनेश आणि सर्पगरुड यांच्याकडे लक्ष ठेवावे.

आकाशात रुंद पंख पसरून घिरट्या घालणारे पक्षी दिसले, तर दुर्बीण लावून नीट पाहावे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा वावर या परिसरात पूर्वीपासून नोंदलेला आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे देशभर मूत्रपिंड निकामी होऊन मेली. जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार थोडी गिधाडे उरली होती. त्यामुळे एखादे जरी दिसले, तरी जागा आणि वेळ टिपून वनकर्मचाऱ्यांना सांगावी. अशा नोंदी त्यांना उपयोगी पडतात.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, बूट बंद असावेत. अत्तर लावू नये. पाणी पुरेसे न्यावे आणि प्लास्टिकची प्रत्येक वस्तू परत आणावी. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलावण्याची जी पद्धत हल्ली दिसते, ती कृपया कोणीही करू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून पक्षी अस्वस्थ होतो आणि खाणे-पिणे सोडून त्याचा शोध घेत राहतो.

दुपारी जंगलातून बाहेर आल्यावर किनाऱ्याकडे जाता येते. काशीदचा किनारा सुंदर असला, तरी तेथील लाटांचा ओढ फसवा आहे आणि त्यात जीव गेलेले आहेत. पाण्यात पोटरीच्या वर जाऊ नये. दुपारचे जेवण नांदगाव किंवा मुरूडच्या एखाद्या घरगुती खानावळीत घ्यावे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी आणि मासे खाणाऱ्यांसाठी त्या दिवशी जे ताजे आले असेल ते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीत, तळ्यांमध्ये वाढवलेला जिताडा मासा मिळाला, तर तो आवर्जून खावा. मात्र पोट थोडे रिकामे ठेवावे.

पोपटी

पोपटीविषयी पहिला आणि न मोडता येणारा नियम हा की ती अभयारण्याच्या हद्दीत लावायची नाही. अभयारण्यात विस्तव पेटवण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० नुसार मनाई आहे, आणि त्यामागचे कारण थंडीत तिथे उभे राहिले की लगेच पटते: जानेवारीपर्यंत गवत पूर्ण वाळलेले असते आणि समुद्रावरचा वारा संध्याकाळी वाढतो. एका ठिणगीने लागलेला वणवा डोंगरच्या डोंगर जाळून जातो. म्हणून पोपटी गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या, कापणी झालेल्या मोकळ्या शेतात, त्याच्या परवानगीने आणि शक्यतो त्याच्या घरच्यांच्या हातूनच लावून घ्यावी. ज्या घरी मुक्काम असेल, तिथे दोन दिवस आधी सांगून ठेवले, तर शेंगा, मडके आणि पाला यांची जुळवाजुळव तेच करतात. त्यांच्या बरोबरीने बसून हात लावावा, म्हणजे कृती खरी कळते.

आठ-दहा माणसांसाठी एक मोठे, अरुंद तोंडाचे मातीचे मडके लागते. ते कोरडे आणि बिनचिरेचे असावे. बोटाने वाजवल्यावर खणखणीत वाजले पाहिजे. ओलसर मडके आचेवर तडकते. शेंगा गावठी वालाच्या घ्याव्यात. कोवळ्या शेंगा आचेत पार गळून जातात, जून शेंगांतले दाणे कोरडे राहतात. दाणा भरलेला पण शेंग अजून हिरवी असलेला माल निवडावा. शेंगा सोलायच्या नाहीत, मोडायच्याही नाहीत, कारण शेंगेच्या आतला ओलावा हेच या पदार्थाचे पाणी आहे. धुतल्या असतील, तर त्या फडक्यावर पसरून कोरड्या करून घ्याव्यात.

भांबुर्डा हा पोपटीचा प्राण आहे. भाताच्या कापणीनंतर शेतांत आणि बांधांवर आपोआप उगवणारी ही रानटी वनस्पती असून तिच्या पानांना उग्र, ओव्याकडे झुकणारा वास असतो. तिच्या पाल्याचा थर मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी घातल्याने शेंगा करपत नाहीत, वाफ आत राहते आणि तोच वास शेंगांत उतरतो. पाला शेताच्या बांधावरूनच घ्यावा. जंगलाच्या हद्दीतून तोडू नये. भांबुर्डा मिळाला नाही म्हणून शेंगा नुसत्या केळीच्या पानांत भाजल्या, तर खायला वाईट लागत नाहीत. पण तिला पोपटी म्हणणे मला पटत नाही.

मांसाहारी पोपटीसाठी कोंबडीच्या मध्यम तुकड्यांना आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण, हळद, घरचा मसाला, मीठ आणि लिंबाचा रस चोळून दोन-तीन तास ठेवावेत. केळीची पाने विस्तवावर किंचित शेकून मऊ करावीत, त्यांत हे तुकडे बांधून केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या दोरीने, घट्ट आवळावेत. अंडी धुऊन घ्यावीत. शाकाहारी मंडळींसाठी रताळी, लहान बटाटे, कांदे आणि छोटी वांगी घ्यावीत. वांग्यांना आणि बटाट्यांना चीर देऊन त्यांत ओले खोबरे, कोथिंबीर, मिरची आणि मीठ यांचे सारण भरले की त्यांची चव फार खुलते. शाकाहारी पोपटीचे मडके वेगळे लावावे, कारण एकाच मडक्यात सर्वांचा रस मिसळतो.

आता मडके भरावे. तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर घालावा, त्यावर शेंगांचा थर, त्यावर जाडे मीठ आणि हाताने चुरडलेला ओवा. मग पुन्हा शेंगा, मीठ, ओवा. कोंबडीच्या पुड्या, अंडी आणि कंद मध्यभागी ठेवावेत आणि चारही बाजूंनी शेंगा येतील असे पाहावे. अंडी मडक्याच्या कडेला टेकली, तर फुटतात. थर दाबून भरावेत. मडके सैल भरले, तर उलटे करताना सगळे खाली सरकते आणि वरच्या भागात पोकळी राहते. शेवटी तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला इतका गच्च कोंबावा की मडके उपडे केल्यावर एकही शेंग खाली येऊ नये. पाणी आणि तेल कोठेही घालायचे नाही.

शेतातली एक जागा निवडून तिच्या भोवतीचे वाळके गवत आणि धसकटे चांगली दोन-तीन हात रुंद काढून टाकावीत. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या जवळ ठेवूनच काडी ओढावी. मडके या जागी उपडे ठेवावे, भोवती गोवऱ्या व काटक्या रचाव्यात, वर सुक्या झावळ्या आणि पेंढा घालून चारही बाजूंनी पेटवावे. आच सर्व बाजूंनी सारखी लागली पाहिजे. वारा एका अंगाने वाहत असेल, तर दुसऱ्या अंगाला जळण अधिक घालावे. नुसत्या शेंगांचे मडके अर्ध्या तासात होते, कोंबडी असेल तर पाऊण तास धरावा. झाले की नाही हे पाहण्यासाठी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब पडताक्षणी चर्र आवाज करून उडून गेले की पोपटी तयार झाली. ते ओघळून खाली आले, तर आणखी जळण घालावे. जाणती माणसे नुसत्या वासावरूनही सांगतात, आणि त्यांचे ऐकावे.

निखारे काठीने बाजूला सारून मडके ओल्या गोणपाटाने धरावे, काही मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग केळीच्या पानांवर रिते करावे. करपलेला पाला काढून टाकला की शेंगा हाताने सोलत, गरम असतानाच खाव्यात. सोबत काही लागत नाही. फार तर अलिबागचा पांढरा कांदा चिरून घ्यावा. गुजरातेत वलसाडच्या बाजूला याच धर्तीचा उबाडियू हा पदार्थ होतो. किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना तो चाखला, तर दोहोंतले साम्य आणि फरक पाहण्यासारखे आहेत.

अलीकडे पोपटीच्या निमित्ताने मोठे ध्वनिवर्धक, झगझगीत दिवे आणि मद्य घेऊन रात्रभर शेतात बसण्याची प्रथा वाढली आहे, याचे मनापासून वाईट वाटते. जंगलाच्या काठावर रात्र ही प्राण्यांच्या हालचालीची वेळ असते आणि एवढ्या आवाजात ते पाण्याकडे येत नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची झोपही मोडते. पोपटी संध्याकाळी लावून नऊच्या आत आटोपावी. तिची गंमत गप्पांत आणि गाण्यांत आहे, त्यासाठी विजेची गरज नाही.

उठण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी आणि पुन्हा पाणी ओतावे. वरून विझलेली दिसणारी गोवरी आतून बराच वेळ धुमसत राहते आणि पहाटेच्या वाऱ्याने पुन्हा फुलते. हाताचा तळवा राखेजवळ नेल्यावर ऊब लागली नाही, तरच जागा सोडावी. खरकटे, हाडे आणि अंड्यांची टरफले शेतात टाकू नयेत, कारण त्यांच्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत शिरतो.

दुसऱ्या दिवशी परतताना गावातूनच सुके वाल विकत घ्यावेत. दुकानातल्या वालांपेक्षा ते लहान आणि किंचित कडसर असतात, परंतु बिरड्याला हेच चांगले. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मग कोमट पाण्यात टाकून साले काढावीत आणि डाळिंब्या मोडणार नाहीत अशा बेताने, ओले खोबरे, गूळ आणि आमसूल घालून मंद आचेवर शिजवाव्यात.